वाचकांचे प्रश्न : मणक्यातील स्क्रू आणि समोरचे हाड

पाठीच्या मणक्याचे फ्रॅक्चर स्क्रू आणि रॉड घालून स्थिर केल्यानंतर त्या रचनेवर कोणता भार येतो, ती केव्हा टिकते आणि केव्हा मोडते, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या अंकात मणक्याच्या शल्यचिकित्सकांनी उत्तरे दिली आहेत. पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा ३४ वर्षांचा धाकटा भाऊ नारळाच्या झाडावरून पडला. एल १ या (कमरेच्या पहिल्या) मणक्याचे ‘बर्स्ट फ्रॅक्चर’ झाले आणि मागचे अस्थिबंध (लिगामेंट) फाटल्याचे एमआरआयमध्ये दिसले. सुदैवाने पायांची ताकद शाबूत राहिली. शस्त्रक्रियेत डी १२ (छातीचा शेवटचा मणका), एल १ आणि एल २ या तीन मणक्यांत मिळून सहा स्क्रू आणि दोन रॉड बसवले. मोडलेल्या मणक्यातच पुन्हा स्क्रू कशासाठी घातले? ओळखीच्या एका रुग्णाला अशाच फ्रॅक्चरसाठी आठ स्क्रू घातले होते. मग आमच्याकडे कमी का? आणि आता भाऊ वजन केव्हा उचलू शकेल? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : आपले तिन्ही प्रश्न शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन मिळतात : उभ्या माणसाच्या कण्यातून भार नेमका कुठून खाली जातो? मणक्याचा पुढचा जाड, गोलसर भाग आणि त्यांच्यामधल्या गाद्या मिळून उभ्या भाराचा सुमारे चार पंचमांश हिस्सा पेलतात. मागच्या लहान सांध्यांच्या वाट्याला जेमतेम एक पंचमांश येतो. शिवाय धडाच्या वजनाचा मध्य कण्याच्या पुढे असल्यामुळे शरीर सतत पुढे झुकू पाहते आणि पाठीचे स्नायू त्याला मागून ओढून धरतात. हे स्नायू मणक्याच्या मध्यापासून अवघ्या ५ सेंटीमीटरच्या आसपास मागे असतात, म्हणून त्यांना फार मोठा जोर लावावा लागतो. दहा किलोची बादली मणक्यापासून ४० सेंटीमीटर पुढे धरली, तर केवळ तिचा तोल सांभाळण्यासाठी स्नायूंना ८० किलोइतकी ओढ द्यावी लागते, आणि बादलीचे वजन व ती ओढ यांची बेरीज मणक्यावर दाब म्हणून येते. जर्मनीतील उल्म येथे हान्स-योआखिम विल्के यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाबमापक बसवून केलेली आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेली मोजमापे हेच सांगतात : आडवे पडल्यावर सुमारे ०.१ मेगापास्कल, उभे राहिल्यावर ०.५, पुढे वाकल्यावर १.१ आणि पाठ गोल करून २० किलो वजन उचलताना २.३ मेगापास्कल.

एल १ हाच मणका का मोडला, हेही यातून समजते. बरगड्यांच्या पिंजऱ्याने ताठ राहिलेला छातीचा कणा जिथे संपतो आणि हालचाल करणारा कमरेचा कणा जिथे सुरू होतो, त्या डी ११ ते एल २ या टप्प्यात जोर एकवटतो. माणूस उंचावरून टाचांवर किंवा ढुंगणावर आपटला, की वरच्या गादीचा दाब मणक्याच्या वरच्या पृष्ठभागाला फोडून आत घुसतो, हाड चहूबाजूंनी फाकते आणि त्याचा एखादा तुकडा मागे मज्जारज्जूच्या नलिकेत सरकतो. पाय शाबूत असतील आणि मागचे अस्थिबंध टिकून असतील, तर अशी अनेक फ्रॅक्चर शस्त्रक्रियेविना उत्तम भरून येतात, आणि तशा रुग्णांत दोन्ही मार्गांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत शस्त्रक्रियेचा वरचढपणा सिद्ध झालेला नाही. आपल्या भावाचे अस्थिबंध फाटले होते, म्हणजे पुढे झुकण्याला मागून लगाम घालणारा दोरच तुटला होता. म्हणून त्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा निर्णय मला योग्य वाटतो.

आता स्क्रूंकडे येऊ. हे स्क्रू मणक्याच्या मागच्या भागातून, पेडिकल नावाच्या हाडाच्या अरुंद नळीतून, पुढच्या भागात जातात आणि मागे रॉडला जोडले जातात. त्यामुळे रॉड भाराच्या रेषेच्या बरेच सेंटीमीटर मागे राहतो. समोरचे हाड दाब पेलण्याच्या स्थितीत असेल, तर रॉडला फक्त मागची ओढ सांभाळावी लागते आणि ते काम तो सहज करतो. समोर मात्र पोकळी असेल, तर वरच्या धडाचा सगळा भार स्क्रूच्या पुढच्या टोकाकडून मागे रॉडमध्ये यावा लागतो. भिंतीत ठोकलेल्या खुंटीवर जड ओझे टांगले की ती भिंतीच्या तोंडाशीच वाकते, तसा हा जोर स्क्रूच्या मानेजवळ, पेडिकलच्या तोंडाशी एकवटतो. स्क्रू सरळ ओढीने मोडत नाहीत. ते या वाकवणाऱ्या जोराच्या हजारो आवर्तनांनी मोडतात.

इथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा लागतो. शस्त्रक्रियेत वरचे आणि खालचे स्क्रू एकमेकांपासून दूर ताणले, की मागचा लांब अस्थिबंध आणि गाद्यांची कडी ताणली जाऊन आत सरकलेले तुकडे बऱ्याच अंशी जागेवर येतात आणि दबलेल्या मणक्याची उंची परत मिळते. दुसऱ्या दिवशीचा एक्स-रे पाहून सगळ्यांनाच बरे वाटते. परंतु चिरडलेले स्पंजासारखे हाड परत फुगत नाही. बाहेरचे कवच वर उचलले जाते आणि आत रिकामी जागा उरते. अमेरिकेतील मॅककॉर्मॅक, कराइकोविच आणि गेन्स यांनी १९९४ साली भारवाटणीची जी गुणपद्धती मांडली, तिचे तीन घटक असे : मणका किती चिरडला आहे, तुकडे एकमेकांपासून किती दूर गेले आहेत, आणि कुबड किती अंशांनी सरळ करावे लागले. प्रत्येकाला १ ते ३ गुण मिळतात आणि बेरीज जितकी अधिक तितका धोका अधिक. कुबड जास्त सरळ केल्यास गुण वाढतात, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटते. त्यांच्या रुग्णांपैकी ज्यांचे स्क्रू मोडले ते सगळे ७ किंवा त्याहून अधिक गुणांचे होते. अशा रुग्णांत मागून अधिक लांब आधार द्यावा, किंवा पुढून पिंजरा (‘केज’ नावाचा पोकळ आधार) अथवा हाड बसवून समोरचा खांब नव्याने उभारावा, असा विचार करावा लागतो.

मोडलेल्या मणक्यातले दोन स्क्रू याच हिशेबात बसतात. केवळ डी १२ आणि एल २ मध्ये स्क्रू असते, तर मधला रॉडचा मोठा पल्ला आधाराविना राहिला असता आणि चारही स्क्रूंच्या माना त्याचा भार सोसत राहिल्या असत्या. मधल्या स्क्रूंमुळे तो पल्ला अर्धा होतो, वाकवणारा जोर सहा ठिकाणी वाटला जातो आणि रॉड बसवताना मोडलेला मणका पुढे ढकलून कुबड सरळ करण्यासाठी तिसरा टेकू मिळतो. प्रयोगशाळेतील चाचण्यांतही अशी सहा स्क्रूंची रचना चार स्क्रूंच्या रचनेपेक्षा अधिक ताठ ठरली आहे. त्यासाठी त्या मणक्याचे पेडिकल मात्र धड असावे लागते. सीटी स्कॅन पाहूनच हे ठरवता येते.

स्क्रू मोजून शस्त्रक्रियेची प्रत ठरवण्याची सवय नातेवाइकांना असते, आणि ती समजण्यासारखी आहे, कारण बिलात तो आकडा स्वतंत्र दिसतो. पण प्रत्येक वाढीव मणक्याबरोबर एक चांगला, हलणारा सांधा आपण गमावतो. टेक्सासमधील पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे वाकलेल्या कण्यांसाठी १९५० च्या दशकात हुक लावलेले रॉड घडवले. तेच पुढे फ्रॅक्चरसाठी वापरले गेले, तेव्हा हुक फक्त मागच्या कमानीला धरत असल्यामुळे वर-खाली दोन-दोन, तीन-तीन मणके जखडावे लागत. पॅरिसमध्ये रेमाँ रुआ-कामी यांनी १९६३ पासून पेडिकलमधून स्क्रू घालायला सुरुवात केली. असा स्क्रू मणक्याला मागून पुढपर्यंत धरतो, म्हणूनच आज थोडक्या मणक्यांत काम भागते. दुसऱ्या रुग्णाचे हाड अधिक चिरडलेले किंवा ठिसूळ असेल आणि त्यासाठी आठ स्क्रू लागले असतील. लांबी वाढवायचीच झाली, तर मी ती शक्यतो छातीच्या बाजूला वाढवतो, कारण तिथले सांधे मुळातच फार हलत नाहीत. कमरेचा प्रत्येक सांधा मात्र वाचवण्यासारखा असतो.

वजनाविषयी : चालणे लगेच सुरू करणे योग्य आहे. पुढे वाकून किंवा हात लांब करून वजन उचलणे मात्र समोरचे हाड भरल्याचे दिसेपर्यंत, साधारणतः पहिले तीन ते चार महिने, टाळावे आणि त्यानंतर तपासणी करूनच हळूहळू वाढवावे. वजन किती किलोचे आहे यापेक्षा ते शरीरापासून किती दूर धरले आहे, याला अधिक महत्त्व आहे. झाडावर पुन्हा चढण्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर यंत्रशास्त्राने देण्यासारखे नाही.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. स्क्रू वाकून मोडत असेल, तर सरसकट जाडच स्क्रू का वापरत नाहीत? आणि पोलाद अधिक ताठ असताना टायटॅनियम का निवडतात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : स्क्रूला दोन व्यास असतात आणि दोघांची कामे वेगळी आहेत. आट्यांसकट मोजलेला बाहेरचा व्यास हाडातली पकड ठरवतो. आट्यांच्या आतल्या गाभ्याचा व्यास वाकण्याला होणारा विरोध ठरवतो. आपल्याला ठाऊक असेलच की गोल छेदाच्या दांड्याचे वाकण्याविरुद्धचे बळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात आणि ताठपणा चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. गाभा ५ मिलिमीटरवरून ६ मिलिमीटर केला, तर बळ सुमारे पावणेदोन पट आणि ताठपणा दुपटीहून थोडा जास्त होतो. मात्र बाहेरचा व्यास तोच ठेवून गाभा वाढवला, तर आटे उथळ होतात आणि पकड सुटते. म्हणूनच अनेक स्क्रूंचा गाभा डोक्याजवळ जाड आणि टोकाकडे निमुळता असतो : जिथे वाकवणारा जोर जास्त तिथे धातू जास्त, आणि जिथे हाड धरायचे तिथे आटे खोल. अशा निमुळत्या स्क्रूचा एक तोटा असा की, तो एकदा बसवून थोडा जरी मागे फिरवला तरी हाडाशी असलेला संपर्क सैल होतो. त्यामुळे खोली आधीच नीट मोजावी लागते.

बाहेरच्या व्यासाला मर्यादा पेडिकलची आहे. त्याची आडवी रुंदी एल ५ ला सरासरी १८ मिलिमीटरच्या आसपास असते, एल १ ला ९ च्या आतबाहेर आणि छातीच्या मधल्या मणक्यांत ४.५ ते ५ मिलिमीटरपर्यंत उतरते. लहानखुऱ्या बांध्याच्या भारतीय रुग्णांत ती याहूनही कमी भरते. पेडिकलची आतली भिंत फुटली तर पलीकडे मज्जारज्जू किंवा मज्जातंतूचे मूळ असते. स्क्रूने पेडिकलची सुमारे ८० टक्के रुंदी भरावी, असा ठोकताळा आम्ही वापरतो. हे भरणे महत्त्वाचे आहे, कारण प्रयोगांनुसार स्क्रू उपटण्याला होणाऱ्या विरोधापैकी सुमारे ६० टक्के विरोध पेडिकलमधूनच मिळतो, पुढच्या स्पंजासारख्या हाडातून नव्हे. स्क्रू लांब केल्याने पकड वाढते हे खरे. पण मणक्याची पुढची भिंत ओलांडली की समोर महाधमनी आणि महाशिरा असतात, त्यामुळे तिथे लोभ आवरावा लागतो. दोन्ही बाजूंचे स्क्रू आत तिरके नेऊन मागे आडव्या पट्टीने जोडले, तर त्यांच्यामधली हाडाची पाचर धरली जाते आणि सरळ समांतर स्क्रूंपेक्षा पकड चांगली मिळते.

धातूविषयी : टायटॅनियमच्या मिश्रधातूचा स्थितिस्थापकता गुणांक (म्हणजे धातूच्या ताठपणाचे माप) सुमारे ११० गिगापास्कल, पोलादाचा २०० च्या जवळ आणि कोबाल्ट-क्रोमचा त्याहूनही अधिक असतो, टणक हाडाचा मात्र १५ ते २० च्या दरम्यान. थोडा लवचीक रॉड समोरच्या हाडावर थोडा भार येऊ देतो आणि हाड भरण्यासाठी तो भार लागतोच. शिवाय एमआरआयमध्ये टायटॅनियमची सावली पोलादापेक्षा बरीच कमी पडते, जी मज्जारज्जू तपासताना मोलाची ठरते. त्याचा दोष असा की ओरखडा किंवा खाच पडली, की धातूच्या थकव्याची भेग तिथूनच सुरू होते. रॉड वाकवण्याच्या पक्कडीने पुन्हा पुन्हा वाकवून-सरळ करून बसवलेला टायटॅनियमचा रॉड लवकर मोडू शकतो.

आपल्या अभ्यासाला उपयोगी पडेल म्हणून एक गोष्ट सांगतो. मणक्याच्या अशा रचनांसाठी असलेल्या ‘एएसटीएम एफ १७१७’ या प्रमाणित चाचणीत स्क्रू आणि रॉड प्लास्टिकच्या दोन ठोकळ्यांत बसवून त्यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवतात, म्हणजे समोरचे हाड पूर्णपणे नसल्यासारखी सर्वांत वाईट परिस्थिती निर्माण करतात, आणि ५० लाख आवर्तने दिली जातात. दिवसाला ५,००० पावले धरली तर वर्षाला सुमारे १८ लाख होतात, म्हणजे हा हिशेब पावणेतीन वर्षांच्या आसपास जातो. चाचणीत मात्र भाराचा जो स्तर निवडला जातो, त्या स्तराखेरीज ‘५० लाख’ या आकड्याला काहीच अर्थ नाही. जाहिरातींत नेमका तोच स्तर गाळलेला असतो.

प्रश्न : आईचे वय ७१. बाथरूममध्ये पाय घसरून एल २ मोडला आणि हाडांची घनता फार कमी निघाली. डॉक्टर सिमेंट भरलेले स्क्रू घालण्याविषयी बोलत आहेत. स्क्रूबरोबर सिमेंट कशाला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ठिसूळ हाडात अडचण उलट बाजूने येते. तिथे धातू हाडापेक्षा इतका बलवान असतो, की मोडण्याआधीच स्क्रू सैल होतो. प्रत्येक पावलागणिक स्क्रूचे टोक किंचित वर-खाली डोलते, आजूबाजूचे नाजूक हाड चुरडत जाते आणि काही महिन्यांनी एक्स-रेवर स्क्रूभोवती काळी कड दिसू लागते. ‘स्क्रू उपटून आला’ असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात तो आधी डोलून सैल झालेला असतो आणि नंतर बाहेर येतो. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल, तर ही शक्यता गृहीत धरूनच आखणी करावी लागते.

सिमेंट म्हणजे पीएमएमए हे प्लास्टिकच्या जातीचे द्रव्य. ते गोंदासारखे चिकटत नाही. पोकळ, बाजूला छिद्रे असलेल्या स्क्रूमधून साधारण दीड-दोन मिलिलिटर सिमेंट आत सोडले, की ते हाडाच्या जाळीत शिरून घट्ट होते आणि स्क्रूच्या टोकाभोवती एक गड्डा तयार होतो. तोच भार आता बारीक आट्यांऐवजी मोठ्या पृष्ठभागावर पसरतो, म्हणून चुरडणे कमी होते. याचे धोके खरे आहेत : सिमेंट नलिकेत किंवा शिरेत गळू शकते, आणि शिरेतून फुप्फुसापर्यंत पोहोचू शकते. म्हणून ते पातळ असताना न सोडता पुरेसे दाट झाल्यावर, सतत एक्स-रे पाहत, थोडे थोडे सोडतात. पुढे कधी जंतुसंसर्ग झाला तर असे स्क्रू काढणे कटकटीचे असते, हेही आपण विचारून घ्यावे.

अशा रुग्णांत मी सर्वांत ताठ रॉड वापरण्याच्या विरोधात आहे. रचना जितकी ताठ, तितका जोर तिच्या टोकावर आणि त्यालगतच्या ठिसूळ मणक्यावर एकवटतो, आणि काही आठवड्यांतच तो वरचा मणका दबल्याची उदाहरणे सर्वच शल्यचिकित्सकांनी पाहिलेली आहेत. कुबड शंभर टक्के सरळ करण्याचा हट्टही इथे सोडावा. एक प्रश्न आपण डॉक्टरांना आवर्जून विचारा : पायांत अशक्तपणा नसेल आणि कुबड वाढत नसेल, तर शस्त्रक्रियेची खरोखर गरज आहे का? आणि शस्त्रक्रिया झाली किंवा नाही झाली, तरी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि हाडांची घनता वाढवणारे औषध यांचे उपचार सुरू व्हायलाच हवेत. दुर्दैवाने कित्येकांच्या फाइलीत स्क्रूंची बिले असतात आणि या औषधाची चिठ्ठी नसते.

प्रश्न : शस्त्रक्रियेला १४ महिने झाले. दुखत नाही, पण एक्स-रेमध्ये खालचा एक स्क्रू मोडलेला दिसतो. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : दुखत नसेल, कुबड वाढले नसेल आणि सीटी स्कॅनमध्ये समोरचे हाड भरलेले दिसत असेल, तर बहुधा नाही. हाड भरणे आणि धातू थकणे यांची शर्यत चालू असते. आपल्या बाबतीत हाड आधी पोहोचले असण्याची शक्यता मोठी आहे. फ्रॅक्चरभोवतीचे सांधे हाड लावून कायमचे जोडलेले नसतील, तर हाड भरल्यावरही त्या सांध्यांत थोडी हालचाल शिल्लक राहते आणि ती जखडून ठेवणारा स्क्रू कधीतरी मोडू शकतो. मात्र सहाव्या आठवड्यात किंवा तिसऱ्या महिन्यात मोडलेला स्क्रू निराळी गोष्ट सांगतो. तेव्हा समोर भार पेलणारे काही नाही, असे समजून लगेच तपासणी करावी लागते.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर कमरेचा पट्टा किती दिवस लावायचा? स्क्रू नंतर काढावेच लागतात का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पट्ट्याने स्क्रूवरचा भार कमी होतो, असे सर्वसाधारण मत आहे, ते मोजमापावर टिकलेले नाही. बर्लिनमध्ये अँटोनियस रोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात रुग्णांच्या शरीरात बसवलेल्या रॉडमध्येच भारमापक घालून, बिनतारी पद्धतीने प्रत्यक्ष चालता-बसतानाचे भार नोंदवले. वेगवेगळे पट्टे लावूनही त्या रॉडवरचा भार उल्लेखनीय कमी झाला नाही. पट्टा न वाकण्याची आठवण करून देतो आणि सुरुवातीच्या वेदनेत धीर देतो. तेवढ्यासाठी काही आठवडे वापरण्यास हरकत नाही. हाड चांगले आणि रचना पक्की असेल तर मी तो देत नाही.

स्क्रू काढणे सक्तीचे नाही. सांधे कायमचे जोडलेले असतील आणि त्रास नसेल, तर ते आयुष्यभर राहू शकतात. तरुण रुग्णात सांधे न जोडता केवळ तात्पुरता आधार म्हणून स्क्रू घातले असतील, तर हाड भरल्यावर, साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान, ते काढून ती हालचाल मोकळी करण्याचा विचार करता येतो. त्या वेळी एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागते : स्क्रू काढल्यावर सरळ केलेल्या कुबडाचे काही अंश बहुतेकदा परत येतात. तसे घडले म्हणजे मणका पुन्हा मोडला, असे समजू नये; ही घट मुख्यतः मणक्याच्या हाडात न होता, अपघातात इजा झालेल्या वरच्या गादीच्या जागेत होते.